एक सूत जास्त

काचेची पेटी इंजिनावर बसेना.

नाथाजी सुताराने ती उचलली, फिरवली, उलट्या बाजूने उतरवून पाहिली, तरी तेच. मागची कड टेकली की पुढची काच इंजिनाच्या तोंडावर अडायची. नाथाजीने बिनधास्त सांगून टाकलं, चूक सांगलीच्या काचवाल्याची. नाथाजीच्या मापावर कराडात आजवर कुणी दुसरी पट्टी धरली नव्हती, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

इंजीन लाकडाचं होतं, फूटभर लांब. अंगाला तांबडा रंग, कडेने पिवळा पट्टा, ड्रायव्हरच्या खोलीला इवल्याशा खिडक्या. त्र्याण्णव साली ओतकामाच्या या कारखान्याला पंचवीस वर्षं होत होती, आणि तरुण मालक वीरधवलला दारातच ते मांडायचं होतं. त्याच्या वडिलांनी एकेकाळी मनावर घेतलं होतं, छोट्या रुळांवरच्या गाडीसाठी डिझेल इंजीन आपण करायचं. त्याचं ड्रॉइंग काढलं होतं कारखान्याचे तेव्हाचे ड्राफ्ट्समन लालासाहेब यांनी, आणि त्यावरूनच नाथाजीने हे लाकडी इंजीन केलं होतं. ड्रॉइंग वर रेल्वेकडे गेलं, वरून शाबासकी आली, ऑर्डर काही आली नाही. पुढे त्यांच्या गावी, रहिमतपुरात, कुठल्याही लग्नाला गेलं की पंगतीत कुणीतरी विचारणारच, "लालासाहेब, तुमची गाडी कुठवर आली?" ते हसून घ्यायचे. मग त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं. आपलं इंजीन लोकांनी एकदा डोळ्यांनी बघावं, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

म्हणून तर ते आज स्वतः आले होते. इंजीन आत हलू नये म्हणून पेटीही त्यांनीच अगदी अंगाबरोबर सांगितली होती.

लालासाहेबांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली. पेटी आतून बरोबर फूटभर भरली. इंजीन भरलं एक फूट आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

नाथाजीने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा एक सूत. मग त्याने आपली पट्टी आणून लावली, तर तिच्यावर इंजीन बरोबर एक फूट. लालासाहेबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि नाथाजीचे कान गरम झाले. त्याची पट्टी ओतकामाची होती. लोखंड गार होताना फुटामागे एक सूत आकसतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडी पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. या पट्टीवरचा फूटच मुळी सुताने लांब असतो. उभा जन्म त्याने हीच पट्टी वापरली. पण हा पॅटर्न नव्हता, नुसती शोभेची वस्तू होती, आणि हे त्याच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तेही लालासाहेबांच्या देखत.

वीरधवल भल्या मनाचा, पण घाईचा. पुढून थोडा रंधा मारा, सूतभर गेलं तर कुणाला कळतंय, असं तो म्हणाला. मालकाचा शब्द, आणि चूकही आपलीच. नाथाजीने रंधा उचलला. आपण केलेलं चांगलं इंजीन आपल्याच हाताने तासायचं अगदी जिवावर आलं होतं, तरी तो वाकला.

लालासाहेबांनी इंजीन त्याच्या हाताखालून काढून घेतलं. उजेडाकडे धरलं, मधल्या बारीक फटीत नख घातलं आणि ओढलं. इंजीन उभं दोन फाकांत उघडलं. वाळूच्या साच्यातून मोकळा निघावा म्हणून ओतायचा पॅटर्न उघडतो, तसंच. आत फाका जुळवायच्या पितळेच्या खुंट्यासुद्धा होत्या.

"नाथाजी, नुसतं बघायला ठेवायचं व्हतं, तर ह्या दोन फाका कशाला केल्यास?"

नाथाजीने एका खुंटीवरून अंगठा फिरवला. करताना हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आवं, मला दुसरं येतंय काय? माज्या हातनं जे झालं ते समदं लोखंडात गेलं. ह्येबी त्यातलंच म्हणून केलं आसंल."

लालासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत, लपवलेही नाहीत. दोन्ही फाका जुळवून त्यांनी दाबल्या आणि वीरधवलकडे वळले. विचारलं ते विनंतीच्या आवाजात नव्हतं.

"भट्टी कवा लावतोस?"

वीरधवलने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे. लोखंडात ओतलं की गार होताना ते सूतभर आकसणार आणि बरोबर फुटावर येणार, हे त्याला तेवढ्यात उमगलं. भट्टी गुरुवारी लागणार होती, पंपांच्या कामाला. एक पंप मागे राहिला तरी चालेल, असं तो म्हणाला.

नाथाजीने रंधा जागेवर ठेवला. लोखंड कुठून आत सोडायचं आणि चाकांपाशी वाळू कशी धरायची, हे त्याच्या डोक्यात सुरूही झालं होतं.

लालासाहेब ते लाकडी इंजीन एका तळहातावर तोलत उभे होते.

"लोखंडात किती भरंल रं?"

नाथाजीने त्यांच्या त्या हाताकडे पाहिलं.

"तुमाला एकट्याला उचलायचं न्हाई."