जुलैचं पान

इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; म्हणून मराठी मंडळाच्या, सभासदांच्या फोटोंनी सजणाऱ्या दिनदर्शिकेत जुलैचं पान बर्फाचं असतं, आणि ते सलग चार वर्षं शंतनूच्या हातून निसटलं होतं. यंदा बर्फातला वॉम्बॅट टिपल्याशिवाय परतायचं नाही, असा पण करून तो माउंट बॉ बॉच्या डोंगरावर कॅमेरा घेऊन तीन तास रांगला. अंगात तपकिरी जाकीट, डोक्याला मावशीने विणलेली तपकिरी, गोंड्याची माकडटोपी. पण अस्वलाच्या पिल्लासारखं ते गुबगुबीत जनावर काही दर्शन देईना. बायको तेजश्री मात्र गाडीत हीटर लावून, थर्मासमधला चहा पीत, बंद काचेतूनच मोबाइलवर दिसेल ते टिपत बसली होती.

डिसेंबरात नवी दिनदर्शिका घरी आली. जुलैच्या पानावर बर्फात एक पाठमोरा, जरा धूसर वॉम्बॅट. खाली नाव तेजश्रीचं!

शंतनूने पानावर बोट आपटलं. "मी तिकडे गुडघे फोडून घेतले, आणि तुला गाडीत बसून वॉम्बॅट दिसला? हाक तरी मारायचीस!"

"मारली होती की, काच खाली करून. तूच हात वर करून गप्प बसवलंस."

त्याने चष्मा लावून पान नाकाशी धरलं. वॉम्बॅटच्या डोक्यावर लोकरीचा गोंडा होता.

"तेजू, हा मी आहे."

"हळू बोल. कमिटीने एकमताने निवडलाय," ती म्हणाली. "आणि जुलैच्या पानावर यायचं होतं ना तुला? आलास की."

शंतनूने दिनदर्शिका भिंतीवरच्या खिळ्याला लावली.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "समोरून घे."