बेटाचं बारसं

पिण्याचं पाणी आणणारी बिनचालकाची बोट धक्क्यापाशी थांबली. "बेटाचं नाव सांगा," ती रोजच्यासारखी म्हणाली.

समुद्र चढला तशी कातळणे आणि भोवडे ही दोन्ही गावं बुडाली. मधली टेकडी तेवढी वर राहिली. तिला नाव कोणत्या गावाचं द्यायचं, यावरून रोज भांडण व्हायचं आणि दोन नावं ऐकून बोट पाणी न देताच परत जायची.

कातळण्याची सगुणा आता पार थकली होती. झऱ्याचं मचूळ पाणी पिऊन सून अंथरुणाला खिळली होती. काय चाटायचंय त्या नावाला? बुडालेल्या देवळाच्या दिशेनं हात जोडून ती ओरडली, "भोवडे!"

त्याच क्षणी पलीकडून भोवड्याच्या धाकूतात्यांचा दमलेला आवाज आला, "कातळणे!"

"दोन नावं," बोट म्हणाली आणि भरल्या टाक्यांनिशी वळली.