फाटकापासून दारापर्यंत

अंबिकाबाईंनी उलथन्याचं टोक जमिनीत बसवलेल्या दोन ब्लॉकांच्या फटीत खुपसलं, तसे चाळीचे सेक्रेटरी गुणाजी अंगावर पाल पडल्यासारखे ओरडले.

"अहो वहिनी, काय करताय? नवीन काम आहे ते!"

"नवीन आहे म्हणूनच बघतेय."

भोईवाड्यातल्या त्या चाळीच्या फाटकापासून दारापर्यंत चाळीस पावलांचा रस्ता. तो असा उखडला होता की टॅक्सीवाले आत यायला तयार नसत. अंबिकाबाईंच्या यजमानांना, धोंडूआबांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. गेल्या महिन्यात व्हीलचेअरचं चाक खड्ड्यात अडकलं आणि म्हातारा तोंडावर आपटला. तेव्हा कुठे कमिटी हलली. कंत्राटदार निवडायची युक्ती मात्र अंबिकाबाईंची. कोटेशनात काय, कुणीही काहीही लिहितं. दोघांना फाटकापाशी दोन-दोन हात जागा देऊ, म्हणाल्या, शुक्रवारपासून करून दाखवू देत, रविवारी सकाळी आपण बघू.

आज रविवार. डावीकडे आल्विनची जागा, उजवीकडे स्वप्नीलची. आल्विन दादरचा, पन्नाशीचा. दोन दिवसांत त्याने फक्त खड्डा केला होता. हातभर खोल खणून, माती बाहेर काढून, तळाला दगड ठोकून बसवले होते.

"ब्लॉक कुठायत?" गुणाजींनी विचारलं होतं.

"पहिले खडी बसू दे, साहेब. पाणी मारायचं, थांबायचं. ब्लॉक काय, शेवटी एका दिवसाचं काम."

"सगळा रस्ता व्हायला किती दिवस?"

"महिना."

कमिटीचे सातही जण एकमेकांकडे बघून हसले होते. गणपती तीन आठवड्यांवर आलेले.

स्वप्नीलचं काम पूर्ण होतं. लाल-करडे ब्लॉक धुऊन पुसून, वर कुणीतरी छोटीशी रांगोळीही काढलेली. "सगळा रस्ता आठ दिवसांत," तो म्हणाला. गुणाजींच्या कणकवलीचाच पोरगा. गुणाजींच्या चेहऱ्यावर तर मुलगा बोर्डात आल्याचा आनंद होता.

"वहिनी, आपलो माणूस आसा तो," गुणाजी आता समजुतीच्या सुरात म्हणाले. "गाववाल्यावर संशय घेतात काय?"

अंबिकाबाईंनी उलथनं दाबलं. ब्लॉक सुटा व्हायला जोरही लागला नाही. तो उचलला आणि असा भपकारा आला की खजिनदार मेघनाने ओढणी नाकाला लावली. फाटकाजवळ गुरुवारी जो कचरा पडला होता तो तसाच आत होता. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी बाळाचं फुगलेलं डायपर. त्यावर चिमूटभर रेती भुरभुरवून वर ब्लॉक मांडले होते. दोन झुरळं बाहेर आली आणि गुणाजींच्या चपलेवरून निघून गेली.

अंबिकाबाईंनी ब्लॉक बाजूला ठेवला. मनातल्या मनात त्यांना बरं वाटलं, की चला, आता कुणाला काही सांगायला नको. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

स्वप्नील शरमलासुद्धा नाही. "काकी, ह्यो नुसतो नमुनो. नमुन्याक कोण खणता? खरा काम करताना बराबर करतलंय."

"नमुना असा करतोस, तर काम कसं करशील रे?"

"आता वहिनी, पोरगा चुकला, कबूल करतोय ना," गुणाजी मध्ये पडले. "आणि गणपतीच्या आत देतोय. वर मंडपाचं स्टेज फुकट बांधून देणार आहे. काय मंडळी? हात वर करा."

हात वर झाले. एक, दोन, चार. मेघनाने एका हाताने ओढणी नाकाला धरली होती. दुसरा हात तिने वर केला. अंबिकाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. डायपरची किळस परवडली, असं त्यांना वाटलं. निदान ते झाकलेलं तरी होतं, हे सगळं उघड्यावर चाललं होतं.

आल्विनने आपली घमेली गोळा केली. जाताना तो थांबला. "आंटी, खड्डा बुजवून जाऊ? कोणी पडेल."

अंबिकाबाई हातातलं उलथनं पुसत राहिल्या. त्याने मान हलवली आणि स्वतःच काढलेली माती फावड्याने आत लोटायला लागला.

तेवढ्यात स्वप्नीलने पिशवीतून नारळ काढला. हळदकुंकू, अगरबत्ती, सगळं आणलेलं होतं. म्हणजे काम आपल्यालाच मिळणार, हे घरून निघतानाच ह्याला ठाऊक होतं. गुणाजींनी उचललेला ब्लॉक पायाने जागच्या जागी बसवला, त्यावर नारळ ठेवला, डोक्यावर रुमाल टाकला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गावच्या देवळात घालतात तसंच, खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान जां काम हातात घेतलेला आसा, तां तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"तेका यश दी, बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय. शब्द अंबिकाबाईंच्याही ओठांपर्यंत आला. त्यांनी दात घट्ट आवळून तो गिळला.

गुणाजींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघितलं आणि आवाज चढवला.

"आणि जो कोण ह्या कामात खोडो घालीत, तेचो बंदोबस्त कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज तळमजल्याच्या खिडकीतून आला. गजांआड, व्हीलचेअरमध्ये जमेल तेवढे ताठ बसून, धोंडूआबांनी डोळे मिटून हात जोडले होते.