पकड

नॅशनलला कबड्डी खेळलो म्हणून सेठनं मला देवासच्या कारखान्यात नोकरी दिली. काम एकच, संपकऱ्यांना झोडायचं. खेळानं पोट भरलं नव्हतं, रॉड उचलला. त्या दुपारी आवारात डोकी फुटली. तोंडाला गमछा बांधलेला एक जण गेटकडे पळाला. मी झेप घेऊन घोटा धरला, तो आपटला. पँट फाटून निळी नी-कॅप दिसली, उजवी. डावी माझ्या गुडघ्यावर. टीममध्ये आम्हा दोघांत एकच जोडी परवडली होती. "सोड भिया, मी आहे!" मी सोडणारच होतो. पण गेट हातभरच लांब, हात लांबवत तो सवयीनं पुटपुटू लागला, "कबड्डी, कबड्डी..." आणि माझी बोटं आवळली. समोरच्याचा दम तुटेपर्यंत सोडायचं नाही, हेच अंगात मुरलेलं. बाकीच्यांचे रॉड पडत राहिले. मी बोटांना शिव्या घातल्या. त्याचा आवाज थांबला, तेव्हाच ती सुटली.