बदामाचा वास

वर्गमित्र ढापण्याच्या त्या पत्राला केमिस्टने कित्येक वर्षं उत्तर दिलंच नव्हतं. "लेका, इटार्ड अभिक्रियेने तू टोल्युईनचं अल्डिहाइड करतोस, तेव्हा लॅबभर बदामाचा वास सुटतो. माझं मात्र पुढे जाऊन आम्ल होऊन बसतं. काय चुकतंय, सांग ना!"

शेवटी पाण्यात थोडं सल्फाइट घालायचं, की अल्डिहाइड पुढे आम्ल न होता तिथेच थांबतं, एवढंच तर सांगायचं होतं. पण कॉलेजात पहिला नंबर कायम ढापण्याचा. एवढी एक गोष्ट तरी आपल्यापाशी राहू दे, म्हणून केमिस्ट मूग गिळून बसला.

अडलेल्या ढापण्याने मग स्वतःचीच नवी रीत शोधून काढली. आज ती त्याच्या नावाने पाठ्यपुस्तकात आहे. ते पान दिसलं, की केमिस्टच्या पोटात दुखतं.

"आता तुमचं इटार्ड पुरे," परवा कारखान्याच्या साहेबांनी फर्मावलं. "ही नवी अभिक्रिया जमवा, नाहीतर घरी बसा." केमिस्टने पुन्हापुन्हा करून पाहिली. दरवेळी हाती आम्लच.

आज त्याने ढापण्याला उत्तर टाकलं.


"पाण्यात थोडं सल्फाइट घाल. आणि लेका, तुझ्या अभिक्रियेत माझं अल्डिहाइड आम्ल होऊन बसतंय. काय चुकतंय, सांग ना!"