परतीची कमांड

तीन दिवस खपून शाल्मलीनं आपल्या प्रोग्रामला ‘मागे’ ही कमांड शिकवली होती. बाणांनी जोडलेल्या बिंदूंच्या आकृतीत एका बिंदूचा क्रमांक टाइप केला, की त्याच्याभोवतीचे बाण नियमाप्रमाणे बदलायचे. चुकून भलताच बिंदू निवडला, तर परतीची सोय नको?

तिच्या गाइड खानोलकर मॅडमनी मुद्दाम भलत्याच बिंदूचा क्रमांक, चार, टाइप केला. बाणांचा गुंता झाला.

“आता ‘मागे’ टाइप करा ना!” शाल्मली उतावीळ झाली.

मॅडमनी पुन्हा चारच टाइप केला. मूळची आकृती हजर!

“तोच बिंदू दोनदा बदलला की सगळं पूर्ववत होतं. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तूच सिद्ध केलंयस ना गं?”

शाल्मलीनं कपाळावर हात मारला. तीन दिवसांचा कोड पुसताना मात्र ती खुदखुदत होती. स्वतःच सिद्ध केलेलं तिला आज खऱ्या अर्थानं पटलं होतं.