आपल्याला काय दाखवू?

तंबूची मागची भिंत आईने घडी घालून कपाटात ठेवून दिली, तेव्हा भिंगरी तंबूच्या आतच बसली होती.

“अगं, ती भिंत होती!” बाबा सोफ्यामागून ओरडले.

आईने आधी कपाटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. चादर लोंबताना दिसली आणि हात आपसूक चालले होते. तयार कपड्यांच्या दुकानात तिचं दिवसभर हेच काम. गिऱ्हाइकाने उलगडायचं, हिने घडी घालायची. आताही कोपऱ्याला कोपरा असा जुळला होता की वर किमतीची चिठ्ठी तेवढी लावायची राहिली होती.

“खोड जात नाही मेल्यांची,” ती हातांना म्हणाली आणि चादर परत काढून दिली.

सुट्ट्या जोडून आल्या होत्या. अशा दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे जगाला सुट्टी असली की आई हमखास कामावर. या वेळी मॅनेजरच्या हातापाया पडून तिने एक दिवस पदरात पाडून घेतला होता आणि सकाळीच जाहीर केलं होतं, आज बाजाराचं नाव काढायचं नाही. तंबू करायचा, पत्ते खेळायचे, मोज्यांच्या बाहुल्या करून नाटक करायचं. बाबांनी खुर्च्या ओढल्या, दोरीवरचे चिमटे गोळा केले. सगळी जय्यत तयारी झाली होती. फक्त जिच्यासाठी हा खटाटोप, त्या सहा वर्षांच्या लेकीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

“आपण दुकानात कधी जायचं?” तंबूतून आवाज आला. सकाळपासून तिचं हेच टुमणं चाललं होतं.

“कुठल्या दुकानात?” बाबांनी विचारलं.

“आईच्या.”

“अगं, आई इथे आहे की! तुला हवंय तरी काय? फ्रॉक?”

“काही नको.”

“मग काय तिथल्या पुतळ्यांची खुशाली विचारायची आहे?”

भिंगरी हसली नाही.

आईला ते लागलं. सुट्टीच्या दिवशी लेकीला आई दिसावी म्हणून बाबा तिला दुकानात घेऊन येत. तिथे अर्धा तास लहान मुलांच्या विभागात रेंगाळायचं आणि परत जायचं. त्यातून पोरीला दुकानाचंच वेड लागलं की काय? एवढ्या मिनतवारीने मिळालेला दिवस, आणि हिला घरातल्या आईपेक्षा काचेतले कपडे प्यारे.

“तू आधी बाहेर ये,” ती म्हणाली. “तू सकाळपासून नीट खाल्लेलं नाहीस. आणि हे उशांचे अभ्रे तू पसरलेस ना, तूच गोळा करायचे.” आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला.

“बघा बाबा,” तंबू म्हणाला. “तू, तू, तू.”

“काय तू?”

“घरी आई ‘तू’ म्हणते. दुकानात ‘आपण’ म्हणते.”

बाबांना हसू फुटलं, कारण ते खरंच होतं. मॅनेजरचा दंडकच होता. गिऱ्हाईक दुपट्यात गुंडाळलेलं असलं तरी त्याला ‘आपण’च म्हणायचं. तो आसपास घुटमळत असला की आई गळ्यात टेप अडकवून स्वतःच्या लेकीसमोर गुडघ्यांवर बसायची आणि मधाळ आवाजात विचारायची, “यावं. आपल्याला काय दाखवू? आपल्याला कुठला रंग आवडतो?” भिंगरी बोट दाखवायची, आई उलगडून दाखवायची. घ्यायचं कधीच काही नसायचं.

आई तंबूसमोर फरशीवर बसली.

“अगं वेडाबाई, ते गिऱ्हाइकांशी बोलायचं असतं. मान देऊन. आपण म्हणजे तुम्ही.”

भिंगरीने चादरीतून डोकं बाहेर काढलं. एवढ्या मोठ्या बाईला इतकी साधी गोष्ट कळू नये, याचं तिला नवल वाटत होतं.

“नाही काही,” ती म्हणाली. “आपण म्हणजे तू आणि मी.”

डोकं पुन्हा आत गेलं.

बाबांनी हातातला चिमटा उघडला, मिटला. “दूध उतू जातंय वाटतं,” असं म्हणून ते स्वयंपाकघरात सटकले. गॅस तर सकाळपासून बंद होता.

आईला दुकानातले ते अर्धे तास आठवले. ‘आपल्याला हा लाल शोभेल हं,’ असं ती म्हणाली की भिंगरीचा चेहरा खुलायचा. इतके दिवस आई त्याचं श्रेय लाल रंगाला देत आली होती. तिला एकदम रडू आलं, आणि स्वतःचं हसूही आलं.

मग ती उठली. खोलीबाहेर गेली, केस सारखे केले, परत आली आणि खुर्चीच्या पायावर टकटक केलं.

“कुणी आहे का दुकानात?”

आत थोडी धांदल उडाली. चादर बाजूला झाली. भिंगरी गुडघ्यांवर बसली होती. गळ्यात बाबांचा पट्टा टेपसारखा अडकवलेला, आणि तोंडावर मॅनेजरलाही खोट काढता येणार नाही असं हसू.

“यावं,” ती म्हणाली. “आपल्याला काय दाखवू?”

आई वाकून आत शिरली. तिचं डोकं लागलं, एक चिमटा उडाला आणि भिंत एका बाजूने लोंबू लागली. आईचे हात चादरीकडे गेले. तिने ते मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

“आपल्याला काही घ्यायचं नाहीये,” ती म्हणाली. “आपल्याला नुसतं बसायचंय.”